आर्थर्स पास : न्यूझीलंडचा देश, न्यूझीलंडचं कोकण आणि मधली खिंड

ऊर्मी_क

गेल्या जानेवारीत आई-बाबा इकडे ख्राइस्टचर्चला आले होते. बाबा कऱ्हाडचे, आई चिपळूणची. कुंभार्ली घाट आमच्या घरात सोयऱ्यासारखा, दर मे महिन्यात भेट ठरलेली. तर त्यांना घेऊन आर्थर्स पास ओलांडला आणि पश्चिम किनाऱ्यावर होकिटिकापर्यंत जाऊन आलो. अकरा वर्षांत मी हा रस्ता वीसेक वेळा केला असेन, पण नीट कळला तो या खेपेला, आईमुळे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. न्यूझीलंडचं दक्षिण बेट उभं, लांबुडकं. त्यात उभी डोंगररांग, सदर्न आल्प्स. पण ती मधोमध नाही, पश्चिमेला सरकलेली. त्यामुळे पूर्वेला कँटरबरीचं ऐसपैस सपाट मैदान आणि डोंगरापलीकडे समुद्रापर्यंत उरलेली चिंचोळी पट्टी, म्हणजे वेस्ट कोस्ट. वारा येतो पश्चिमेकडून, टास्मान समुद्राचं पाणी घेऊन. डोंगराला धडकतो आणि सगळा भार तिथेच उतरवतो. होकिटिकाला वर्षाला सुमारे २९०० मिमी पाऊस, खिंडीच्या पलीकडे उतरलं की लागणाऱ्या ओटिराला ५००० च्या घरात आणि आमच्या ख्राइस्टचर्चला जेमतेम ६००-६५०. ओळखीचं वाटलं ना?

सकाळी सातला निघालो. स्टेट हायवे ७३. पहिला तास नुसतं मैदान, दोन्हीकडे मेंढ्या आणि वारा अडवायला लावलेली पाइनची उंच कुंपणं. शेफिल्डला थांबून ‘पाय’ खाल्ले. (बाबा प्रत्येकाला सांगत सुटले होते, ‘इथे लोक सकाळी सकाळी पाय खातात.’) स्प्रिंगफिल्डला रस्त्याकडेला भलामोठा गुलाबी डोनट उभा केलाय, त्याच्यासोबत फोटो. मग पोर्टर्स पासची चढण.

इथे एक गंमत आहे. पोर्टर्स पासची उंची ९३९ मीटर आणि ज्याच्यासाठी आपण निघालो त्या आर्थर्स पासची ९२०. दारातला उंबरा माजघरापेक्षा उंच! पोर्टर्स पास ओलांडला की आपण डोंगरांच्या आतल्या एका रुंद, कोरड्या पठारी खोऱ्यात येतो. झाड औषधाला नाही. सोनेरी गवताचे झुबके आणि कॅसल हिलचे चुनखडीचे प्रचंड पांढरे धोंडे. पुढे वायमाकारिरी नदी लागते. तिचं पात्र किलोमीटरभर रुंद, सगळी खडी, आणि त्या खडीतून पाण्याचे दहा-बारा पेड एकमेकांत गुंतत-सुटत चाललेले. आई म्हणाली, ‘घाईत घातलेली वेणी आहे.’

आर्थर्स पास नावाचं गाव खिंडीच्या अलीकडे, सुमारे ७४० मीटरवर. रेल्वे स्टेशन, चहाचं दुकान, पर्यटकांची माहितीची खोली, संपलं. तिथून खिंडीचा माथा पाच किलोमीटरही नाही. गावात ऊन होतं. माथ्यावर, ज्याच्या नावाची ही खिंड त्या आर्थर डॉब्सनच्या स्मारकापाशी उतरलो, तर मागे निळं आकाश आणि पुढे ओटिराच्या बाजूने ढग वर चढत होते, चुलीवरची पेज उतू यावी तसे. काठापर्यंत यायचे आणि तिथेच विरायचे. आईने काही न बोलता पर्समधून छत्री काढली. म्हणाली, ‘हेळवाक आलं.’ कुंभार्ली उतरायच्या अलीकडचं गाव ते.

आणि खरंच, वळण घेऊन खाली लागलो तर पाऊस. नुसता पाऊस नाही, सगळंच बदललं. अलीकडे बीच नावाच्या झाडांची एकसारखी काळपट राई, पलीकडे शेवाळलेलं, एकमेकांवर चढलेलं, ठिबकणारं रान आणि त्यात राता फुललेला. लालभडक. बाबा म्हणाले पळस, आई म्हणाली पांगारा. होकिटिकापर्यंत वाद चालू होता.

फोटो चढवायचा प्रयत्न करते. तोवर, इथलं कुणी गेलंय का? अनुभव लिहा.

टवाळ

फोटो दिसत नाहीयेत. आणि ९२० मीटर? आमचा महाबळेश्वरचा बसस्टँड याच्याहून उंच आहे.

घाटवाट

छान लिहिलंय. फक्त एक भाषिक चिमटा. शीर्षकात ‘खिंड’ म्हटलंय, ते बरोबर. पण प्रतिक्रियांमध्ये लोक आता ‘घाट’ म्हणायला लागतील म्हणून आधीच लिहून ठेवतो. खिंड म्हणजे डोंगराच्या रांगेतला खोलगट भाग, जिथून पलीकडे जाता येतं. घाट म्हणजे तिथून उतरणारी वाट. आर्थर्स पास ही खिंड आणि माथ्यापासून ओटिरापर्यंत उतरणारा रस्ता हा घाट.

ऊर्मीताई, एक विचारायचं होतं. उतार दोन्हीकडे सारखा आहे का? आपल्याकडे देशावरून गेलं तर घाट कधी सुरू झाला कळतच नाही आणि कोकणात उतरताना पोटात गोळा येतो.

ऊर्मी_क

@टवाळ, बसस्टँड मान्य. पण हा ९२० मीटरचा माथा बेचाळीस-त्रेचाळीस अक्षांशावर आहे. हिवाळ्यात महाबळेश्वरच्या बसस्टँडवर चाकांना साखळ्या बांधाव्या लागल्या की कळवा.

@घाटवाट, अगदी तसंच! पूर्वेकडून गावापर्यंत रस्ता इतका हळूहळू येतो की पोर्टर्स पास सोडला तर चढ जाणवतच नाही. आणि माथ्यावरून ओटिराकडे एकदम कोसळतो. पूर्वी तिथे नागमोडी वळणांचा कच्चा रस्ता होता, त्याला झिगझॅगच म्हणायचे. दरड सतत खाली यायची. १९९९ साली तिथे उंच खांबांवरचा पूल झाला, ओटिरा व्हायाडक्ट, ४४० मीटर लांब. दरीच्या एका बाजूला न चिकटता सरळ दरीतूनच उतरतो. पुढे एके ठिकाणी रस्त्यावर छप्पर आहे, दगड त्याच्यावर पडून खाली जातात. आणि एके ठिकाणी चक्क धबधबा पन्हळीतून रस्त्याच्या डोक्यावरून पलीकडे सोडलाय. वायपर चालू, काचेवर पाऊस आणि वरून धबधबा! बाबांनी मला तिथून दोनदा न्यायला लावलं.

बँकर

माझा आयडी बघून लोक गृहकर्जाचे व्याजदर विचारतात, म्हणून आधीच खुलासा : मी बँकेत नव्हतो. बँकर म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन. कर्जत ते लोणावळा, नोकरीचा बहुतेक काळ त्यावरच गेला.

मुलगी दोन वर्षांपूर्वी ख्राइस्टचर्चला गेली, तेव्हापासून ओटिराच्या बोगद्याबद्दल मिळेल ते वाचत असतो. ऊर्मी, तू रस्त्याचं छान लिहिलंस पण रेल्वेवर एक ओळ? बरं नव्हे.

तर मंडळी, ही रेल्वे खिंडीवरून जात नाही, खिंडीच्या खालून जाते. आर्थर्स पास गाव ते ओटिरा असा बोगदा, लांबी साधारण साडेआठ किलोमीटर. काम १९०८ ला सुरू. कंत्राटदाराने काही वर्षांत हात टेकले, मग सरकारने स्वतः काम घेतलं. १९१८ मध्ये दोन्ही बाजू मिळाल्या आणि गाडी सुरू झाली ४ ऑगस्ट १९२३ ला. त्या वेळी ब्रिटिश साम्राज्यातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा.

आता चढ बघा. आपला बोर घाट आणि थळ घाट, दोन्हीकडे ३७ ला १. ३७ फूट गेलात की एक फूट वर. ओटिराचा बोगदा ३३ ला १! आणि आपल्याकडे निदान मध्ये उजेड येतो, वळणं येतात, मंकी हिल येतं. तिथे साडेआठ किलोमीटर अंधारात सलग एकच चढ. एका तोंडापासून दुसरं तोंड अडीचशे मीटरहून जास्त वर. त्यात वाफेचं इंजिन घातलं असतं तर ड्रायव्हर-फायरमन गुदमरले असते. म्हणून पहिल्या दिवसापासून तिथे वीज. १५०० व्होल्ट डीसी.

हा आकडा वाचून मी चष्मा पुसला. कारण आपली पहिली विजेची गाडी, व्हीटी ते कुर्ला, ३ फेब्रुवारी १९२५, तीसुद्धा १५०० व्होल्ट डीसी. म्हणजे आमच्या आधी दीड वर्ष तिकडे एका कोपऱ्यातल्या डोंगरात हेच चाललं होतं. पुढे १९२९ च्या सुमारास बोर घाटातही हीच वीज आली आणि खंडाळ्याचं उलट फिरायचं स्टेशन बंद झालं.

सौ_कोथरूड

बँकर काका, किती सोपं करून सांगता! आमच्याकडे आठवणीत फक्त कर्जतचे वडे. इंजिन लागतंय तोवर वडे घ्यायचे, एवढंच माहीत.

बँकर

वडे तुम्ही घेत होतात, इंजिन आम्ही लावत होतो. :)

टवाळ

मग आता ओटिराला वडे मिळतात का?

ऊर्मी_क

ओटिराला एक जुनं हॉटेल आहे. वडे नाहीत. गाव म्हणजे रेल्वेची वसाहत होती, आता जेमतेम काही घरं.

काका, रेल्वेवर लिहिलं नाही कारण आम्ही मोटारीने गेलो. पण ट्रान्झअल्पाइन मी दोनदा केलीये. ख्राइस्टचर्च ते ग्रेमथ, २२३ किलोमीटर, पाच तासांच्या आत. १९८७ पासून ही पर्यटकांची गाडी आहे. एक डबा बिनकाचेचा, तिथे उभं राहून फोटो काढायचे. स्टेअरकेस नावाचा पूल ७३ मीटर उंच आहे, तिथे त्या डब्यात सगळ्यांची टोपी सांभाळायची धडपड असते. मात्र ओटिराच्या बोगद्याआधी तो डबा रिकामा करतात. धुरामुळे.

घाटवाट

विजेची गाडी असून धूर?

बँकर

हाच तर दुखरा भाग. वीज १९९७ ला काढून टाकली. दोन्हीकडे डिझेल, मध्ये पंधरा-वीस मिनिटांसाठी विजेचं इंजिन लावा-काढा, ते परवडेना. मग उपाय काय केला? ओटिराच्या तोंडाला दार बसवलं. गाडी आत शिरली की मागे दार लागतं आणि मोठे पंखे धूर ओढून घेतात. दार नसतं तर चढाला लागलेल्या गाडीबरोबर तिचाच धूर चालत राहिला असता. जड मालगाडीला, वेस्ट कोस्टचा कोळसा पूर्वेच्या लिटलटन बंदरात नेणाऱ्या गाडीला, ओटिराला जादा इंजिनं जोडतात आणि वर आर्थर्स पासला सोडतात.

मी मुलीला म्हटलं, तुझ्या त्या पेंग्विन-बिंग्विनांचं नंतर बघू, मला आधी ते दार दाखव.

वेलिंग्टनकर

चांगला धागा. पण एक गोष्ट राहतेय. ‘आर्थरने खिंड शोधली’ असं कुणी लिहायच्या आत लिहितो.

आर्थर डडली डॉब्सन हा तरुण सर्वेयर मार्च १८६४ मध्ये या माथ्यावर आला, हे खरं. पण इथे वाट आहे हे त्याला पश्चिम किनाऱ्यावरच्या नाई ताहू या माओरी जमातीच्या तारापुही नावाच्या प्रमुखाने आधीच सांगितलं होतं. माओरी लोक शतकानुशतकं हे डोंगर ओलांडत होते. कशासाठी? पौनामूसाठी, म्हणजे हिरवा दगड, आपण जेड म्हणतो त्यातला. तो सापडतो पश्चिमेकडच्या अराहुरासारख्या नद्यांत. दागिने, हत्यारं, तासण्या, सगळं त्याचं. लोकवस्ती जास्त पूर्वेला. म्हणजे माल कोकणात, गिऱ्हाईक देशावर.

याची एक कथा आहे, मला फार आवडते. राउरेका नावाची पश्चिमेकडची एक बाई डोंगर ओलांडून पूर्वेला आली. तिथे नाई ताहूंची काही माणसं होडी कोरत बसली होती. त्यांची दगडी हत्यारं बोथट. ती बघत राहिली, मग हसली आणि आपल्या जवळची हिरव्या दगडाची तासणी काढून दाखवली. त्यानंतर पूर्वेच्या लोकांना पश्चिमेची वाट सापडली. ती ज्या खिंडीतून आली तिला नोटी राउरेका म्हणतात, इंग्रजी नाव ब्राउनिंग पास. आर्थर्स पासच्या दक्षिणेला आहे आणि पौनामूची खरी वर्दळ तिथून आणि उत्तरेच्या हार्पर पासवरून जास्त होती. आर्थर्स पासचा ओटिराकडचा उतार पाठीवर दगड घेऊन चढायला वाईटच.

घाटवाट

व्वा! हे नाणेघाटच झालं की. फरक एवढाच की आपल्याकडे माथ्यावर जकातीचा रांजण आहे आणि तिकडे बाईचं नाव.

वेलिंग्टनकर

आणि नाव ‘आर्थर’चं कसं पडलं तेही ऐका. १८६४-६५ मध्ये पश्चिमेला सोनं सापडलं. होकिटिकाला रातोरात गाव उभं राहिलं. ख्राइस्टचर्चच्या प्रांतिक सरकारला घाई झाली, कारण वेस्ट कोस्ट तेव्हा त्यांच्याच प्रांतात आणि सोनं जातंय समुद्रावरून भलतीकडे. आर्थरचा भाऊ जॉर्ज डॉब्सन याला सगळ्या वाटा तपासायला पाठवलं. त्याने सांगितलं, त्यातल्या त्यात ‘आर्थर’ची बरी. तेच नाव बसलं.

वडील एडवर्ड डॉब्सन प्रांताचे मुख्य इंजिनीअर. त्यांच्या देखरेखीखाली सुमारे हजार माणसांनी कुदळ-फावड्याने, भर हिवाळ्यात, रस्ता काढला. १८६६ मध्ये घोड्यांच्या गाड्या सुरू झाल्या. त्या पुढे सत्तावन्न वर्षं, बोगदा होईपर्यंत चालल्या, शेवटी शेवटी फक्त रेल्वेच्या दोन टोकांच्या मधल्या भागात.

आणि सोनं? ते बहुतेक समुद्रावरूनच जात राहिलं. बोटीने नेणं स्वस्त आणि सोपं होतं. ज्याच्यासाठी रस्ता केला तो मालच त्यावरून फारसा आला नाही, उलट मेंढ्या-गुरं पश्चिमेला गेली.

जॉर्जचं दुर्दैव बघा. १८६६ च्या मे महिन्यात ग्रेमथजवळ दरोडेखोरांनी त्याला सोन्याचा व्यापारी समजून मारलं. ग्रेमथच्या अलीकडे डॉब्सन नावाचं गाव लागतं, ते त्याच्या नावाचं. आर्थर मात्र १९३४ पर्यंत जगला, सर झाला.

अवांतर : दक्षिणेकडची हास्ट खिंड ज्याच्या नावाची, तो भूगर्भशास्त्रज्ञ युलियुस फॉन हास्ट या डॉब्सनांचाच जावई. म्हणजे बेटाचे दोन किनारे जोडणाऱ्या दोन खिंडी, एका मेहुण्याची एक, दुसऱ्याची दुसरी.

टवाळ

वतनदारी म्हणतात याला.

मृण्मयी_द

वाचनमात्र होते, पण विषय माझ्या पोटापाण्याचा निघाला.

देश-कोकण उपमा पावसापुरती उत्तम. पण खाली दगडात गोष्ट पार वेगळी आहे. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर. पश्चिमेकडचा कडा झिजत झिजत मागे सरकलेला. एका अर्थी म्हातारा डोंगर, आता फक्त उतरतोय.

आर्थर्स पासचा डोंगर अजून वाढतोय. ओटिरा सोडून पश्चिमेला गेलात की पुढे रस्ता अल्पाइन फॉल्ट ओलांडतो. पॅसिफिक आणि ऑस्ट्रेलियन भूपट्ट तिथे एकमेकांना घासतात. पूर्वेकडचा भाग वर रेटला जातो, म्हणून डोंगर पश्चिमेच्या काठाशी सर्वांत उंच आणि पश्चिमेचा उतार उभा. वर रेटलेलं ओटिराचा पाऊस खरवडून काढतो. ऊर्मीने सांगितलेली वायमाकारिरीची किलोमीटरभर रुंद खडी म्हणजे हाच डोंगर, भुगा करून मैदानाकडे निघालेला. कँटरबरीचं अख्खं मैदान त्यावरच उभं आहे.

हा फॉल्ट शेवटचा मोठा फुटला १७१७ च्या सुमारास. साधारण तीनशे वर्षांनी एकदा फुटतो असा अंदाज आहे. गणित ज्याचं त्याने करावं. १९२९ आणि १९९४ ला खिंडीच्या परिसरात झालेले मोठे भूकंप वेगळे, ते आजूबाजूच्या लहान भेगांचे.

सौ_कोथरूड

तिकीट काढायच्या आधी सांगायचं ना हो.

मृण्मयी_द

काढा तिकीट. कोयनेच्या भिंतीवर उभं राहून आपण कणीस खातोच की.

सौ_कोथरूड

:) बरं, ऊर्मी, व्यावहारिक प्रश्न. आम्ही दोघं नोव्हेंबरात येतोय, हातात एकच दिवस. ख्राइस्टचर्चहून सकाळच्या ट्रान्झअल्पाइनने ग्रेमथ आणि दुपारी त्याच गाडीने परत. जमेल ना? आणि शाकाहारी काय मिळतं?

ऊर्मी_क

जमतं. गाडी ग्रेमथला तासभर थांबते आणि परत फिरते. पण मला विचाराल तर करू नका. दहा तास खिडकीतून बघणं होतं आणि पाय जमिनीला लागत नाहीत. त्यापेक्षा आर्थर्स पास गावात उतरा, एक रात्र राहा. डेव्हिल्स पंचबोल धबधब्यापर्यंत पायवाट आहे, १३१ मीटरचा धबधबा, तासा-सव्वातासात जाऊन येता. पायऱ्या बऱ्याच आहेत, काकांचे गुडघे बघून ठरवा. आणखी एका दिवसाची सोय झाली तरच खाली होकिटिकाला जा.

शाकाहारी : चिप्स, भाजीचा पाय मिळाला तर, आणि डब्यातली दशमी. होकिटिकाला व्हाइटबेटचे पॅटिस प्रसिद्ध आहेत. बोटापेक्षा बारीक, काचेसारखी मासळी, शेकडो एका वेळी, अंड्यात कालवून तव्यावर. आईने डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाली, ‘तिखट हवं होतं.’

आणि हो, निघायच्या आधी त्या सकाळी रस्ता चालू आहे का ते बघा. बर्फ, दरड, वारा, कशानेही बंद होतो. तेव्हा वळसा लुइस पासवरून, कित्येक तासांचा.

नवखा_प्रवासी

आमचा अनुभव. मागच्या वर्षी गेलो होतो. व्हायाडक्टच्या वर बघायला थांबायची जागा आहे, नाव डेथ्स कॉर्नर. नाव वाचून बायको उतरलीच नाही. मी उतरलो तर गाडीच्या टपावर दोन हिरवे पोपट. मोठे, कोंबडीएवढे. एक माझ्याकडे मान वाकडी करून बघत उभा. मी फोटो काढतोय, काढतोय, म्हटलं काय माणसाळलेत! दुसरा मागच्या दाराची रबरी पट्टी सोलत होता. केळ्याचं साल काढावं तशी, हातभर. भाड्याच्या गाडीच्या मालकाने त्या पट्टीचे जे पैसे लावले त्यात माझे सगळ्यांसाठीचे चॉकलेट आले असते.

टवाळ

एकाने गिऱ्हाईक बोलण्यात गुंतवायचं, दुसऱ्याने खिसा कापायचा. दादर स्टेशनचे दिसतायत.

ऊर्मी_क

ते किया. डोंगरात, बर्फात राहणारा जगातला एकमेव पोपट. अतिशय हुशार. खायला काहीही देऊ नका, त्याने तो माणसांजवळ येतो आणि गाडीखाली मरतो. पंख उघडले की खालून नारिंगी रंग दिसतो, ते एकदा बघाच.

त्यांचं मात्र आपणच देणं लागतो. मेंढ्यांना चोचा मारतो म्हणून शंभर वर्षं सरकार प्रत्येक चोचीमागे पैसे देत होतं. दीड लाखाच्या वर मारले. १९८६ पासून पूर्ण संरक्षण आहे, आता उरलेत काही हजार. एका रबरी पट्टीत सुटलात म्हणायचं.

घाटवाट

धागा वर काढतोय. बँकर काका गेले होते ना नोव्हेंबरात? काय झालं दाराचं?

बँकर

काल परत आलो. झोपेचं गणित बिघडलंय, पहाटे साडेतीनला लिहितोय.

ख्राइस्टचर्चला निघालो तेव्हा उकडत होतं. तीस डिग्री, तोंडावर गरम वारा, नुसती धूळ. जावई म्हणाला हा नॉर्वेस्टर. पश्चिमेला पाऊस पाडून रिकामा झालेला वारा डोंगर उतरताना तापतो. आकाशात डोंगरांच्या वर ढगाची लांबच लांब कमान आणि तिच्याखाली निळी पट्टी. म्हणाला, कमान दिसली की समजायचं, ओटिराला धो धो चाललंय.

गावात पोहोचलो तर पुढे रस्ता बंद. वर दरड. मुलगी हिरमुसली. म्हणाली, ‘बाबा, इतक्या लांब आणलं आणि तुमचं दार राहिलं.’ खोली मिळाली एक, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. पन्हाळीचा पत्रा, त्यावर रात्रभर पाऊस. हिला वाटलं आपण खंडाळ्याच्या क्वार्टर्समध्येच आहोत.

रात्री दोनच्या सुमारास जाग आली. पावसाच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता. पहिल्यांदा वाटलं स्वप्न. चढावर ओढ लागली की इंजिन एक वेगळा सूर धरतं, तो कानाला चाळीस वर्षं सवयीचा. जावयाचा रेनकोट घातला आणि स्टेशनवर जाऊन उभा राहिलो. बोगद्याच्या तोंडातून आधी धूर आला, मग उजेड, मग इंजिनं. मोजली. पाच. त्यांच्या मागे कोळशाच्या वाघिणी, संपता संपेनात.

गाडी थांबली. पुढची इंजिनं सुटली. रेनकोट घातलेला एक पोरगा टॉर्च घेऊन जोड बघत होता. मला बघून थबकला, एवढ्या रात्री हा म्हातारा इथे काय करतोय म्हणून. मी म्हटलं, ‘बँकर? मी टू. इंडिया.’ त्याला काय कळलं देव जाणे. त्याने टॉर्च माझ्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी होज पाइप सोडवायला लागला. मी धरून उभा राहिलो.

सौ_कोथरूड

काका, आणि दार?

बँकर

राहिलं. दार पलीकडच्या तोंडाला आहे. मार्चमध्ये परत जायचं म्हणतोय.